‘शक्य तितके’ म्हणजे किती?

एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संसदेने २०१७ साली संमत केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अंमलात आला. या कायद्यासाठी रुग्णांच्या संघटनांना दशकाहून अधिक काळ झगडावे लागले. कायद्यात चांगले पुष्कळ आहे. रुग्णाला नोकरीत, शाळेत, दवाखान्यात वेगळे वागविण्यास बंदी आहे. संमतीवाचून रक्ततपासणी करता येत नाही. रोगाची वाच्यता करता येत नाही. तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमावा असे बंधन आहे. मात्र १४ व्या कलमापाशी आले की कायदा एकाएकी अडखळतो. विषाणुरोधक औषधोपचार सरकारने पुरवावा, पण ‘शक्य तितका’! हे दोन शब्द काढून टाका, अशी मागणी त्या वेळी रुग्णांनी केली होती. ती मानली गेली नाही.

मी तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. साधने मर्यादित असतात आणि गरजा अमर्याद, हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत असे. आता वाटते, त्यापुढे आणखी एक वाक्य लिहावयास हवे होते : साधने कोणासाठी मर्यादित असतात, हे सत्ता ठरवते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी, म्हणजे २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी, केंद्राने सुमारे १५,४७२ कोटी रुपये मंजूर केले. देशात सुमारे पंचवीस लाख लोक या विषाणूसह जगत आहेत आणि त्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांच्या प्राप्तिकराचा दर एका फटक्यात खाली आणला गेला, तेव्हा वर्षाला १,४५,००० कोटींच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागेल असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले होते. पाच वर्षांच्या या साऱ्या कार्यक्रमाच्या नऊपटींहून ही रक्कम अधिक आहे. त्या घोषणेत मात्र ‘शक्य तितके’ हे शब्द कोठे नव्हते.

कोणी म्हणेल, शब्दांचा कीस कशाला काढता? औषध तर फुकट मिळतेच ना! मिळते, एप्रिल २००४ पासून मिळते, आणि त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे. पण २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये काय घडले ते आठवावे. औषधांचा साठा आटला. महिन्याच्या गोळ्यांऐवजी रुग्णांच्या हातावर आठवड्याच्या, कोठे त्याहूनही थोड्या दिवसांच्या गोळ्या ठेवल्या जाऊ लागल्या. अखेरीस रुग्णांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात ४२ दिवस धरणे धरले. सरकारचे म्हणणे, देशात पुरेसा साठा आहे. साठा देशात होता आणि रुग्णाच्या पिशवीत नव्हता!

दिल्लीत ‘चार दिवसांच्या गोळ्या’ हा एक आकडा असतो. आमच्या सानगडीत तो काय असतो, हे सांगतो. सानगडीहून साकोली, तेथून महामार्गाने भंडारा. जाण्यायेण्यात आणि रांगेत दिवस मोडतो. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, हे खरे. पण रोवणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी कोणतेही महामंडळ भरून देत नाही. महिन्यातून एक खेप कशीबशी जमते. आठवड्याला एक खेप म्हणजे महिन्याची चार दिवसांची मजुरी, शिवाय बांधीचा मालक विचारणार, सारखी भंडाऱ्याला कशाला जातेस? या प्रश्नाला खरे उत्तर देता येत नाही. मग खेप चुकते, गोळी चुकते आणि विषाणूला औषध पचविण्याची सवय लागते. पूर्व विदर्भातले जे मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यांच्यातल्या रुग्णाने दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आगाऊ मिळाल्या नाहीत तर करावे काय? मजुरी सोडावी की औषध?

आणि येथे केवळ दयेचा प्रश्न नाही. लवकर औषध सुरू केले तर रुग्णाकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष २०११ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने काढला. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्या अभ्यासात सहभागी होती. नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे गेला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे पुढे निर्विवाद सिद्ध झाले. म्हणजे या रोगात उपचार हाच प्रतिबंध आहे. उपचाराला ‘शक्य तितके’ म्हणणारे सरकार प्रतिबंधालाही ‘शक्य तितके’च म्हणत असते. विहिरीत पोटॅश टाकताना कोणी असे म्हणत नाही.

‘परवडत नाही’ हा युक्तिवाद तर इतिहासाने केव्हाच निकालात काढला आहे. या औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च परदेशी कंपन्यांच्या दराने दहा ते पंधरा हजार डॉलर होता. गरीब देशांना हा उपचार झेपणारच नाही, असे मोठमोठे विद्वान सांगत होते. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या मुंबईच्या कंपनीने तोच त्रिवार उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. हे एखाद्या उद्योगपतीच्या अंगच्या औदार्याने घडले नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारले होते, प्रक्रियेवर तेवढे ठेवले होते. म्हणून आमच्या कारखान्यांना हे औषध करता आले आणि आफ्रिकेतील लक्षावधी माणसे त्यावर जगली. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ साली आम्ही तो कायदा बदलला. तेव्हा जी थोडी कलमे राखता आली, ती डाव्या पक्षांच्या आग्रहाने. आणि त्यांचा आधार घेऊन पेटंट कचेरीत हरकती नोंदविण्यासाठी स्वतः रुग्णच उभे राहिले. अर्थशास्त्राच्या कोणत्या पाठ्यपुस्तकात हे प्रकरण आहे?

परंतु सरकारवर कोरडे ओढताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्या तरुणाला पोलिसांनी पकडून नेले आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या रुग्णालयात दोन महिने एकटे डांबून ठेवले. गुन्हा एवढाच की त्याच्या रक्तात विषाणू सापडला. मुंबई उच्च न्यायालयानेही त्या वेळी विलगीकरणाचे कलम उचलून धरले. तेच न्यायालय १९९७ साली एका हंगामी कामगाराच्या पाठीशी उभे राहिले : काम करण्यास तो समर्थ असेल तर केवळ या कारणाने त्याला काढता येणार नाही. या दोन निकालांमधल्या आठ वर्षांत आपण कोठे होतो? मला आठवते, अभ्यासवर्गात कोणी हा विषय काढला की आम्ही म्हणत असू, हा परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांचा विषय आहे, वर्गलढ्याचा नव्हे. सांगलीत देहविक्रय करणाऱ्या बायका संघटित होऊन एकमेकींना निरोध वाटीत होत्या, पोलिसांशी भांडत होत्या. आम्ही त्यांना ‘श्रमिक’ म्हणावे की नाही, यावर निबंध वाचीत होतो.

त्याच सुमारास आमच्या गावचा एक ट्रकवरचा क्लीनर वारला. तिरडीला खांदा द्यायला चार माणसे पुरी जमली नाहीत. मी त्या दिवशी नागपुरात होतो. निघालो असतो तर पोचलो असतो. त्याची बायको पुढे तपासणीला गेली, तेव्हा एका दवाखान्यात तिच्या केसपेपरवर लाल शाईने मोठे अक्षर काढले आणि बाकाच्या टोकाला वेगळे बसविले. आज ती नातवंडांना खेळविते आहे. गोळ्यांमुळे. तिला ‘शक्य तितके’ या शब्दांचा अर्थ कोणी विचारलेला नाही.

ज्या जिल्ह्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात लागलेल्या आगीने दहा बालकांचा बळी घेतला, तेथे सार्वजनिक आरोग्याबद्दल कोरडे उपदेश कोणी ऐकणार नाही. म्हणून तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यात तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. औषधाचा साठा आज किती दिवसांचा आहे? स्थलांतरित मजुराला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात की नाही? लोकपालाचे नाव आणि पत्ता दवाखान्याच्या कोणत्या भिंतीवर लावला आहे? अर्जावर रुग्णाचे नाव मात्र चुकूनही घालू नये, सही आपली करावी. पहिल्या अर्जावर माझी सही आहे.