चाळिशीचा निरोप

वार्धक्य एकाएकीं येत नाहीं. तें आल्याची वार्ता मात्र एकाएकीं कानीं पडते. मनानें मनुष्य पंचविशींतच वावरत असतो, आणि एखाद्या सायंकाळीं पंचांगांतील बारीक अक्षर वाचतांना त्याचा हात आपोआप लांब जातो. गृहिणीला हाच निरोप सुईच्या नेढ्यांतून मिळतो. आपल्या भाषेनें तर या प्रसंगाला वयाचेंच नांव देऊन ठेविलें आहे. उपनेत्राला 'चाळिशी' म्हणणारे आपले पूर्वज मोठे मार्मिक असले पाहिजेत.

परंतु ज्याला आपण आजचा आघात समजतों, त्याचा आरंभ बाल्यांतच झालेला असतो. डोळ्यांतील भिंग लवचिक असतें व जवळचें पाहतांना तें फुगीर होतें. वयाबरोबर तें ताठर होत जातें. दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांपासून सुमारें ३ इंचांवरचें अक्षरही स्पष्ट दिसतें. चाळिशीच्या सुमारास हें अंतर ८-९ इंचांवर येतें व साठीला ३ फुटांच्या आसपास जातें. पुस्तक आपण साधारणतः १४ इंचांवर धरतों. ती मर्यादा ओलांडली जाईपर्यंत कोणास कांहींच कळत नाहीं. तीस-पस्तीस वर्षें मुकाट्यानें चाललेला ऱ्हास मग एका दिवसांत प्रकट होतो.

कालिदासानें रघुवंशाच्या बाराव्या सर्गांत एक सुंदर कल्पना योजिली आहे. दशरथाच्या कानाजवळचा केस पिकला. त्या पलिताच्या मिषानें जरा कानाशीं आली आणि राज्यलक्ष्मी रामाच्या स्वाधीन कर, असें सांगून गेली. येथें जरा वैरीण होऊन आलेली नाहीं. पुढें काय करावें हें ती वेळेवर सांगते.

घरोघरीं मात्र हा निरोप ऐकून न ऐकल्यासारखें केलें जातें. औषधाच्या बाटलीवरील मात्रा अंदाजानें वाचली जाते. रात्रीं दिवा न लावतां जिना उतरण्याचा हट्ट चालतो. वस्तुतः साठीच्या मनुष्याच्या दृष्टिपटलावर विशींतील तरुणाच्या मानानें सुमारें एकतृतीयांशच प्रकाश पोंचतो. तेव्हां दिवा लावण्यांत कमीपणा कसला? कित्येक गृहस्थ तर दुसऱ्याचीच चाळिशी नाकावर चढवून वेळ मारून नेतात. हें विशेष घातक आहे. कारण प्रत्येक अंधुकपणा चाळिशीचा नसतो. मोतीबिंदू शस्त्रक्रियेनें दूर होतो. परंतु काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं, आणि तो बहुधा वेदना न देतांच वाढतो. वेळीं उपचार झाले तर उरलेली दृष्टि राखतां येते. म्हणून चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानें नेत्रवैद्याकडून डोळ्यांतील दाबासह तपासणी करून घ्यावी व ती ठराविक काळानें करीत जावी.

याच्या आड बहुधा आपला संकोचच येतो. मर्यादेमुळें धाकटीं माणसें स्पष्ट बोलत नाहींत. "मामंजी, पत्रांतलें अक्षर फार बारीक आहे, मी वाचून दाखवूं का?" असें म्हणून सून दोष अक्षराला देते, आणि मामंजीही तो आनंदानें अक्षरावरच ढकलतात. सुनेचा विनय शोभून दिसतो. तथापि वडिलांनीं त्याच्या आड लपूं नये. "अक्षर पूर्वीचेंच आहे, सूनबाई, डोळे थकले. वाच तूं," एवढें त्यांनीं मोकळेपणानें म्हटलें, तर घरांतील कितीतरी अवघडलेपण नाहींसें होईल. आज पत्र वाचावयास दिलें, उद्यां जमाखर्चाची वही द्यावी, परवां कपाटाच्या किल्ल्या. हात अजून धड आहेत तोंवरच हें देणें घडावें, म्हणजे घेणाऱ्यास चार गोष्टी विचारतां येतात आणि देणाऱ्यास त्या सांगतां येतात.