यादीतलं नाव

2024 मध्ये मंगळवारी, 27 फेब्रुवारीला, मिशिगनमध्ये अध्यक्षपदाची प्रायमरी होती. अर्ली व्होटिंग रविवारपर्यंत, 25 तारखेपर्यंत होतं. त्याआधीच्या एका जुम्याला नमाजनंतर पार्किंगमध्ये मला दोन-तीन जणांनी थांबवून विचारलं. वाटलं, कुणाला मत द्यायचं ते विचारतील. पण प्रश्न वेगळाच होता : "भाई, कुठल्या पार्टीची मतपत्रिका घेतली, ते सरकारला कळतं का?"

कळतं. नुसत्या सरकारलाच नव्हे, मागेल त्याला कळतं.

मिशिगनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष सांगावा लागत नाही. पण अध्यक्षपदाच्या प्रायमरीत डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन यांपैकी एकच मतपत्रिका मागून घ्यावी लागते. आत कुणापुढे खूण केली ते गुप्त राहतं. मतपत्रिका कुठल्या पक्षाची घेतली याची मात्र नोंद होते, आणि ती इथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली मिळते. हे लपवून कुणाला मतदानाला पाठवणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

या भीतीला मी हसणार नाही, कारण मी तिच्यापायी एक मत घालवलंय. बायको इथेच जन्मलेली, त्यामुळे ग्रीन कार्डाची ती न संपणारी रांग मला टळली आणि 2020 च्या प्रायमरीआधी मी नागरिक झालो होतो. त्या हिवाळ्यात तिकडे सोलापुरात सीएए-एनआरसीचा विषय घराघरात होता. अब्बा रोज व्हिडिओ कॉलवर एकेक कागद कॅमेऱ्यापुढे धरायचे. शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड. अम्मीचं नाव एका ठिकाणी शमीम, दुसऱ्या ठिकाणी शमीमबी. 'यादी' हा शब्द ऐकला तरी पोटात कालवाकालव व्हायची. अशा मन:स्थितीत 10 मार्चला मी केंद्रावर गेलो. टेबलामागच्या आजींनी हसून विचारलं, कुठली मतपत्रिका देऊ? मी म्हटलं, दोन्ही नकोत. त्यांनी शांतपणे तिसरी दिली. तीत फक्त स्थानिक कराचा एक प्रस्ताव होता. बायडन आणि सँडर्स यांच्यात त्या दिवशी मिशिगनसाठी खरी झुंज होती, आणि मी शाळेच्या करावर मत देऊन, छातीवर स्टिकर लावून घरी आलो.

पुढे 2022 मध्ये एका प्रचारात फोन करायला बसलो, तेव्हा ती यादी पलीकडच्या बाजूने पाहिली. माझं रोजचं काम डेटाबेसचंच, तरी हे डोक्यात आलं नव्हतं. प्रचारवाल्यांकडे वेळ कमी, माणसं कमी. ते मतदारांची यादी चाळणीतून काढतात आणि आधी उचलतात ती नावं, ज्यांनी मागच्या प्रायमऱ्यांत मत दिलंय. त्यांनाच फोन जातो, त्यांचंच दार वाजतं, 'तुमचा प्रश्न काय' हे त्यांनाच विचारलं जातं. माझ्या वाट्याच्या यादीत आमच्या मशिदीतली नावं शोधली. शेखची चार स्पेलिंगं करून पाहिली, सय्यदची पाच. फारच थोडी सापडली. नोव्हेंबरला ही सगळी माणसं मत देतात, मला माहीत आहे. पण तोवर दोनच नावं उरलेली असतात.

गावाकडच्या वाचकांसाठी एक फरक सांगायला हवा. आपल्याकडे तिकीट कुणाला, हे दिल्ली-मुंबईत ठरतं. कार्यकर्ता फार तर बंगल्याबाहेर ताटकळतो. इथे तिकीटवाटपात साध्या मतदाराचाही हात असतो. त्या दिवशी केंद्रावर येतात थोडे, म्हणून प्रत्येकाचं वजन जास्त. आणि आठवण करून द्यायला कुणी येत नाही. सोलापुरात आदल्या दिवशी बूथचं पोरगं चिठ्ठी घरी आणून देतं. इथे आपलं केंद्र कुठलं, हेसुद्धा आपणच वेबसाइटवर शोधायचं.

2024 च्या डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर बायडन आणि इतरांच्या नावांखाली 'अनकमिटेड' असाही पर्याय होता. गाझातल्या युद्धबंदीसाठी बायडन यांच्यावर दबाव आणायला तो निवडा, अशी मोहीम डिअरबॉर्नपासून सगळीकडे चालू होती. आपला 'नोटा' आठवेल, पण दोन्ही सारखे नाहीत. लोकसभेला नोटा कितीही पडला तरी उरलेल्यांतला पहिला निवडून येतो. अनकमिटेडला राज्यात किंवा एखाद्या मतदारसंघात 15 टक्के मतं मिळाली, तर कुणालाही न बांधलेले प्रतिनिधी ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात जाणार होते. कोरी मतपत्रिका टाकली किंवा रागाने स्वतःच एखादं नाव लिहिलं, तर यातलं काहीच होत नाही. राग काढायचा तर मोजला जाईल अशा जागी काढा.

मोहिमेने 10,000 मतांचं लक्ष्य ठेवलं होतं, कारण 2016 मध्ये ट्रम्प यांनी हे राज्य 10,704 मतांनी जिंकलं होतं. आकडा भाषणात छान वाजायचा, पण मला तो फसवा वाटला. 2012 मध्ये ओबामांसमोर कुणी नव्हतं, मोहीमही नव्हती, तरी 20,000 हून जास्त लोकांनी अनकमिटेड निवडलं होतं. म्हणजे तेवढी मतं तशीही पडतात. त्याच्यावर किती पडली, ते आपलं. दहा हजार झाल्यावर मिठाई वाटणाऱ्यांना मी हे आधीच सांगून ठेवलं होतं.

मी डेमोक्रॅटिक मतपत्रिका घेणार आणि अनकमिटेडवर खूण करणार होतो. बायको बायडनना मत देणार होती. 2017 च्या जानेवारीत प्रवासबंदी आली, तेव्हा विमानतळावरच्या निदर्शनात ती उभी होती. ते दिवस परत येऊ शकतात, असं तिला वाटत होतं. मला तिचं म्हणणं खोडता आलं नव्हतं. तिलाही माझं खोडता आलं नव्हतं. रात्रीच्या जेवणावर दोन आठवडे हेच चाललं होतं.

आता कामाचं. ऑनलाइन नोंदणीची मुदत गेली, तरी मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत शहराच्या किंवा टाऊनशिपच्या क्लार्ककडे स्वतः जाऊन, राहत्या पत्त्याचा पुरावा दाखवून नाव नोंदवता येतं आणि तिथेच मत देता येतं. मतपत्रिका घरी आली असेल तर शेवटच्या दिवसांत पोस्टाच्या भरवशावर राहू नका. पाकिटावर सही करून ड्रॉप बॉक्समध्ये टाका. फोटोचं ओळखपत्र न्या. नसेल तर तिथे प्रतिज्ञापत्रावर सही करून मत देता येतं, परत फिरू नका.

आणि एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या भावांनो, बहिणींनो, तुम्ही नोंदणीही करू नका आणि मतही देऊ नका. लायसन्स काढताना चुकून नाव नोंदलं गेलं असेल तर वकिलाशी बोला. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ती गोष्ट महागात पडते. तुमच्या घरात कुणी नागरिक असेल, तर त्यांना गाडीने केंद्रावर सोडा.

आम्ही त्या रविवारी सकाळी जाणार होतो, एकाच गाडीतून. सासऱ्यांनाही वाटेत घ्यायचं होतं. ते कुणाला मत देणार, ते तेव्हा सांगत नव्हते.