वेळापत्रकात कागदपत्रांनाही जागा हवी

महाविद्यालयात प्रथम वर्षाला गेलेल्या आपल्या मुलांना अभ्यासाचे वेळापत्रक सांगणारे पुष्कळ भेटतात. कागदपत्रांचे कोणी सांगत नाही. घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच पिढी, विचारणार कुणाला? वकील म्हणून माझ्याकडे येणारी अनेक मुले गुणांत नव्हे, तारखेत हरलेली असतात. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज उशिरा केलेला, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट. 

१९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभारले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. गरिबाच्या शिक्षणाचा प्रश्न हा वेळेचाही प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, एक वही करा. परीक्षेच्या तारखांशेजारी अर्जांच्या शेवटच्या तारखा लिहा. आठवड्यातला एक तास फक्त कागदांसाठी ठेवा. मूळ दाखले, झेरॉक्स आणि पोचपावत्या एकाच फाइलीत असू द्या. आणि वस्तीतल्या शिकलेल्यांनो, दर रविवारी तासभर बसून या मुलांचे अर्ज तपासा. हक्क कायद्याने मिळाला आहे. तो मुदतीअभावी गमावणे आपल्याला परवडणारे नाही.