नवे नाव नको, दुरुस्तीला माणसे द्या

मे २००८ मध्ये डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीमने एक सुरक्षा सूचना काढली आणि जगभरातल्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांची धावपळ उडाली. सप्टेंबर २००६ पासून डेबियनवर आणि तिच्यावर बेतलेल्या उबुंटूवर तयार झालेल्या बऱ्याचशा सुरक्षा-किल्ल्या कोणालाही हुडकून काढता येतील अशा निघाल्या होत्या. दुखणे दोन ओळींचे होते. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या दोन ओळींवर, मेमरीतल्या चुका दाखवणारे व्हॅलग्राइंड नावाचे साधन सतत आक्षेप घेत होते. डेबियनसाठी ते पॅकेज सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने मूळ प्रकल्पाकडे विचारणा केली, कोणी ठाम हरकत घेतली नाही, आणि त्याने दोन्ही ओळी बंद केल्या. त्यातली एक ओळ किल्लीत यादृच्छिक आकडे मिसळण्याचे काम करत होती. ती गेल्यावर अनिश्चित असे काही उरले असेल तर फक्त चालू प्रोसेसचा क्रमांक, आणि तो साधारण ३२ हजारांच्या पुढे जात नव्हता. अमुक प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या एवढ्याच असणार हे कळल्यावर त्या सगळ्या आधीच बनवून ठेवता येत होत्या.

ही चूक शोधली तीही डेबियनच्याच एका विकासकाने, लुसियानो बेलो यांनी. आणि ती झाकून न ठेवता जाहीर केली गेली. ओपन सोर्सची ताकद म्हणून हा प्रसंग सांगता येतो, तसाच त्याची दुबळी बाजू म्हणूनही. जगाच्या सुरक्षिततेचा एवढा मोठा भाग फावल्या वेळात काम करणाऱ्या माणसाच्या एका निर्णयावर टेकलेला होता, आणि तो निर्णय पुन्हा तपासून पाहायला जवळजवळ वीस महिने कोणाला सवड झाली नव्हती.

भारतात ‘स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम’ची घोषणा अधूनमधून होते, तेव्हा चर्चा नाव, बोधचिन्ह आणि उद्घाटनाची असते. ही सिस्टीम ज्या पायावर उभी आहे, तिथे रोजची दुरुस्ती कोण करते आणि त्यात आपली माणसे किती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. खरे तर तोच आधी विचारायला हवा.

डेबियनचा पसारा पाहिला म्हणजे या कामाचा अंदाज येतो. इयान मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये सुरू केलेला हा प्रकल्प कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची तेरावी आवृत्ती आली. तिच्यात ६९ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत आणि मताधिकार असलेले विकासक आहेत सुमारे हजार. ब्राउझर, छपाईचे चालक, फाँट, डेटाबेस, गणिताच्या लायब्ररी असे सगळे त्यात येते. ही सॉफ्टवेअर डेबियनने लिहिलेली नाहीत. ती जगभरातल्या हजारो वेगळ्या प्रकल्पांतून येतात. मेंटेनरचे काम म्हणजे ती आणणे, परवाना तपासणे, वेगवेगळ्या प्रोसेसरवर बांधली जातात का ते पाहणे, बाकीच्या पॅकेजेसशी त्यांचे जमवून देणे, आणि मग वर्षानुवर्षे त्यांच्या तक्रारींना उत्तरे देत राहणे.

या पॅकेजेसचा प्रवासही शिस्तीचा असतो. नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये येते. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची नावे असतात. त्यात अनस्टेबलला मिळालेले नाव आहे सिड, म्हणजे खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. तिथे काही दिवस धडपणे टिकले तर पॅकेज ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. गंभीर बग निघाला तर अडते, आणि कोणी लक्ष दिले नाही तर टेस्टिंगमधून काढूनही टाकले जाते. तेराव्या आवृत्तीच्या वेळी कालबाह्य ठरलेली आठ हजारांहून अधिक पॅकेजेस अशी बाहेर काढली गेली. एकदा ‘स्टेबल’ जाहीर झाली की पुढची काही वर्षे तिच्यात नवी वैशिष्ट्ये घालायची नाहीत, फक्त दुरुस्त्या करायच्या. मूळ प्रकल्प चार आवृत्त्या पुढे गेलेला असतो, आणि मेंटेनर मात्र नव्या कोडमधली नेमकी दुरुस्ती उचलून तीन वर्षांपूर्वीच्या कोडमध्ये बसवत असतो. याहून कमी नाव मिळवून देणारे काम सॉफ्टवेअरच्या धंद्यात शोधून सापडणार नाही.

त्याचा ताजा नमुना २०३८ चा. जुन्या ३२-बिट पद्धतीत संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो, आणि ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भरून वाहू लागेल. भारतीय वेळेनुसार तेव्हा सकाळचे आठ वाजून ४४ मिनिटे आणि सात सेकंद झालेले असतील. त्यानंतरच्या सेकंदाला अशा यंत्रांतली तारीख उडी मारून १९०१ मध्ये जाईल. डेबियनने २०२४ मध्येच शेकडो लायब्ररी नव्याने बांधायला घेतल्या आणि तेराव्या आवृत्तीत, जुन्या ३२-बिट इंटेल यंत्रांचा अपवाद सोडून, सगळीकडे वेळ ६४ बिटांत मोजायला सुरुवात केली. चौदा वर्षांनी येणाऱ्या अडचणीसाठी कित्येक महिने राबलेल्या या लोकांची फारशी बातमी झाली नाही. अडचण आलीच नाही, तर पुढेही होणार नाही.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट मात्र मथळ्यांत आली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारे आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंता डेबियन अनस्टेबलवर काही मोजमापे घेत होते. एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याचे साधन, त्याच्या लॉगिनला पूर्वी ०.३ सेकंद लागत, आता ०.८ लागू लागले. दुसऱ्या कोणी सोडून दिले असते. त्यांनी माग काढला तेव्हा एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या साधनात कोणीतरी चोरवाट पेरून ठेवल्याचे उघड झाले. २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केले. दूषित आवृत्त्या तोवर डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये पोहोचल्या होत्या. स्टेबलमध्ये शिरल्या नव्हत्या. ज्या संथपणाबद्दल डेबियनची नेहमी थट्टा होते, तोच कामी आला.

ही चोरवाट शिरली कशी, ते जास्त बोलके आहे. एक्सझेड हा फिनलंडच्या लासे कॉलिन यांनी वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळलेला प्रकल्प. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे धोशा लावला: काम रेंगाळते आहे, दुसऱ्या कोणाच्या हाती द्या. कॉलिन यांनी आपली मानसिक प्रकृती ठीक नसल्याचे आणि हे बिनपगारी छंदाचे काम असल्याचे सांगून पाहिले. त्याच काळात ‘जिया टॅन’ नावाने एक मदतनीस चांगले पॅचेस, म्हणजे कोडमधले छोटे बदल, पाठवत होता. त्याच्यावर विश्वास बसला, हळूहळू अधिकार मिळाले, आणि शेवटी विषारी भाग त्यानेच मिसळला. त्या नावामागे नक्की कोण होते, हे अजून उघड झालेले नाही. थकलेल्या एकट्या माणसाला हेरून हा हल्ला झाला. दुसरा पगारी, ओळखीचा मेंटेनर तिथे असता तर या डावाला जागाच उरली नसती.

त्यातही एक खोच आहे. एसएसएचच्या मूळ सॉफ्टवेअरला एक्सझेडची गरजच नाही. डेबियनने आणि इतर काहींनी सिस्टमडी या सेवेशी जुळवून घेण्यासाठी त्यात एक पॅच घातला होता, आणि त्या मार्गाने एक्सझेडची लायब्ररी एसएसएचच्या पोटात शिरली. २००८ मध्ये नडला तोही स्थानिक पॅचच. तेव्हा जो कोणी मूळ सॉफ्टवेअर घेऊन त्यावर आपली कलाकुसर करतो, त्याच्यावर ती जन्मभर तपासत राहण्याची जबाबदारी येते. ‘आमची स्वतःची आवृत्ती’ काढण्याचा मोह होणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

कारण ती काढणे सोपे आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली बॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम डेबियनवर आधारित आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये आणलेल्या मायाबद्दल ज्या बातम्या आल्या, त्यानुसार ती उबुंटूवर आधारित आहे, आणि उबुंटू डेबियनवर. यात गैर काही नाही. परवाना त्यासाठीच दिलेला आहे, आणि भारतीय भाषांसाठी बॉसने केलेले कामही नाकारता येत नाही. पण पायथ्याशी बग निघाला की दुरुस्ती तिथूनच यायची. पुलाच्या उद्घाटनाला फीत कापायला मंत्री येतात आणि डागडुजीचा कागद टेबलावरून टेबलावर फिरतो, तशातली ही गत. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स स्वीकारण्याचे धोरण आणले. स्वीकारण्याचे धोरण आहे, सांभाळण्याचे नाही.

पैसे ओतले की झाले, असेही नाही. डेबियननेच ते करून पाहिले आहे. २००६ मध्ये ‘डंक-टँक’ नावाच्या उपक्रमातून, पुढची आवृत्ती वेळेवर निघावी म्हणून दोन प्रकाशन व्यवस्थापकांना मानधन देण्यात आले. बाकीचे फुकट राबत असताना दोघांनाच पैसे का, यावरून रण पेटले आणि काहींनी नाराजीने काम कमी केले. डिसेंबर २००६ मध्ये यायची आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली. या धड्यातून निघालेली पुढची व्यवस्था शहाणपणाची होती. २०१४ पासून जुन्या आवृत्त्यांना मिळणाऱ्या वाढीव सुरक्षा-आधाराचे काम अनेक कंपन्या वर्गणी काढून चालवतात आणि विकासकांना तासांप्रमाणे मोबदला मिळतो. स्टेबल आवृत्तीचे आयुष्य त्यामुळे पाच वर्षांपर्यंत गेले. ज्यांना जुने सर्व्हर चालवायचे आहेत त्यांनीच खर्च उचलावा, हा साधा हिशेब.

सरकारेही हे करू शकतात. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्येच ‘हार्टब्लीड’ हे भगदाड सापडले, तेव्हा निम्म्या इंटरनेटला आधार देणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळतात, हे जगाला कळले. जर्मनीने २०२२ मध्ये असल्या पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठीच सरकारी निधी उभा केला. २०२३ मध्ये ग्नोम या डेस्कटॉपला त्यातून दहा लाख युरो मिळाले. आपल्याकडे बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. एका दलालीच्या कंपनीला जे सुचले, ते राज्यांच्या माहिती-तंत्रज्ञान खात्यांना सुचायला हरकत नसावी.

महाराष्ट्राचा यात स्वार्थही आहे. काही बग असे असतात की ते मराठी वाचणाऱ्यालाच दिसतात. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यातला डोळ्याच्या पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: ऱ वापरून, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. शोधाच्या खिडकीत मात्र एका रीतीने टाइप केलेला शब्द दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या सातबाऱ्यात किंवा मतदार यादीत सापडेलच असे नाही. तसेच वर्णक्रमाचे. शाळेत ‘ह’नंतर ‘ळ’ शिकवतात. युनिकोडच्या क्रमांकात ‘ळ’ लगेच ‘ल’च्या पाठीला आहे. निव्वळ क्रमांकावर यादी लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावे उलटसुलट होतात आणि कारकून ‘कॉम्प्युटरच असा आहे’ म्हणून गप्प बसतो. हेलसिंकी किंवा ब्युनोस आयर्समधल्या मेंटेनरला हे आपणहून कळण्याचा मार्ग नाही. त्याला कोणीतरी सांगावे लागते: कोणती आवृत्ती, काय टाइप केले, काय दिसायला हवे होते, काय दिसले. अशी चार वाक्यांची नीट नोंद म्हणजे अर्धी दुरुस्ती. ‘मराठी चालत नाही’ एवढीच तक्रार कोणाच्या उपयोगाची नाही.

हे काम इथे अगदी परके आहे असेही नव्हे. डेबियनसह बहुतेक लिनक्स आवृत्त्यांत मिळणारे लोहित फाँट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवले आणि रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली सांभाळले. माणसे आहेत, कसब आहे. नाही ते या कामाला नोकरीच्या वेळेत दिलेले मान्यताप्राप्त तास.

तेव्हा राज्याने नव्या सिस्टीमची घोषणा करण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. ओपन सोर्सवर चालणाऱ्या प्रत्येक सरकारी कंत्राटात, केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे परत पाठवण्याची अट घालावी. नाहीतर पुढच्या अपडेटला तोच पॅच पुन्हा बसवण्याचे पैसे सरकारच भरत राहते. विद्यापीठांनी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला, विकत मिळणाऱ्या तयार प्रोजेक्टऐवजी, स्वीकारल्या गेलेल्या दुरुस्त्यांना गुण द्यावेत. त्या सार्वजनिक असल्याने नक्कल पकडणे सोपे. आणि सरकारी सर्व्हरवर चालणाऱ्या पॅकेजेसपैकी किती बेवारस आहेत, हे तपासावे. डेबियनमध्ये मेंटेनर नसलेल्या पॅकेजेसची यादी खुली असते, आणि आपल्या यंत्रावर त्यातली कोणती आहेत हे सांगणारी ‘डब्ल्यूएनपीपी-अलर्ट’ ही आज्ञाही तयार आहे. ती चालवायला निविदा लागत नाही. एका अभियंत्याची एक दुपार पुरते.