प्रश्न उंबरठ्याचा नाही, साखळीचा आहे

दिल्लीत मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा बंगल्याच्या फाटकापाशी बांधलेला एखादा सेंट बर्नार्ड दिवसभर धापा टाकताना दिसतो. मालकाचे समर्थन ठरलेले असते : मोठे कुत्रे राखणीसाठी असते, त्याची जागा बाहेरच. आपली परंपराही तशीच, असे वर सांगितले जाते.

परंपरेचा हा दाखला अपुरा आहे. हिमाचलातील गद्दी मेंढपाळांचे कुत्रे उघड्यावरच राहतात, हे खरे. पण ते कळपासोबत हिंडतात. त्यांना काम असते आणि माणसाची सोबत असते. शिवाय ते त्याच हवामानात घडलेले आहेत. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही; धाप टाकणे हाच त्याचा शरीर थंड ठेवण्याचा मुख्य उपाय. आल्प्सच्या बर्फासाठी घडलेल्या प्राण्याला उत्तर भारतातील उन्हाळ्यात अंगणात बांधणे ही परंपरा नव्हे, हेळसांड आहे.

कायद्याने ही हेळसांड ओळखली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार, आखूड वा जड साखळीला अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र १० ते ५० रुपये. हा आकडा सहा दशके तसाच राहिला.

मालकाच्या कर्तव्यावर बोट ठेवण्याऐवजी केंद्राने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून २३ जातींवर बंदी सुचवली. संबंधितांशी सल्लामसलत न करता काढलेले हे पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द ठरवले. शेजाऱ्यांची भीती निराधार नाही. मोठ्या कुत्र्याचा चावा जिवावर बेतू शकतो. परंतु एकटे बांधून ठेवल्याने चिडखोर झालेला कुत्रा कोणत्याही जातीचा असला तरी धोकादायकच.

तेव्हा घरात की बाहेर, हा वाद दुय्यम आहे. सावली, पाणी, मोकळीक आणि सोबत मिळत असेल तर अंगणही चालेल. मिळत नसेल तर दिवाणखानाही कोंडवाडाच. परवाना देताना महापालिका रेबीजच्या लसीचा दाखला मागतात. त्याच अर्जात आणखी दोन प्रश्न असावेत : उन्हाळ्याच्या दुपारी हा प्राणी कोठे असेल, आणि त्याला रोज फिरवणार कोण? उत्तरे खोटी निघाली, तर दंड ५० रुपयांवर थांबू नये.