धोका-घंटा, दूरचित्रवाणी संच आणि काचतंतूवरील दूरध्वनी : मांडवीच्या रहिवाशांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, रत्नागिरी.

विषय : घरांतील धोका-घंटा व दूरचित्रवाणी संच इंटरनेटवरील दूरध्वनी सेवेशी नीट जोडून मिळण्याबाबत.

महोदय,

रत्नागिरी शहराच्या मांडवी भागातील आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी आपल्या सेवेशी सविनय सादर करतो की, ज्या तांब्याच्या तारेवर आमच्या घरांतील दूरध्वनी आजवर चालत आला, ती तार बाद करून तिच्या जागी काचतंतूची जोडणी देण्याचे काम चालू असून, त्या कामाला आमचा विरोध नाही. खाऱ्या वाऱ्याने सांधे गंजून ऐन पावसाळ्यात घरघरणारी आणि अखेर मुकी होणारी तार ज्यांनी वर्षानुवर्षे सोसली, त्यांना काच गंजत नाही आणि आकाशातील विजेचा धक्का वाहून आणीत नाही, एवढ्या दोन गुणांसाठीही ती स्वागतार्हच वाटेल. आमचे गाऱ्हाणे निराळे आहे. जुन्या तारेवर संभाषणाखेरीज आणखीही काही अवलंबून होते, आणि ते कोणाच्याही हिशेबात धरले गेलेले नाही.

तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येत असे. दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांचा सुमारे ४८ व्होल्टांचा दाब त्याच दोन तारांवरून घरापर्यंत पोहोचे, आणि म्हणून सगळी आळी काळोखात बुडाली असतानाही फोन जिवंत राही. काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही; भिंतीवर बसवलेली नवी पेटी घरच्या विजेवर, बहुधा १२ व्होल्टांच्या लहानशा ॲडॅप्टरवर चालते, आणि दिवे गेले की तिच्याबरोबर दूरध्वनीही जातो. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि एक फांदी तारांवर कोसळली तरी तासन्‌तास वीज खंडित होते, तेथे हा फरक क्षुल्लक मानता येणार नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्याच जिल्ह्यातील दापोली व मंडणगड तालुक्यांत कित्येक गावे अनेक दिवस विजेविना राहिली; पुढील वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. अशा वेळी मोबाइलचा भरवसा द्यावा तर त्याचे मनोरेही अखेर विजेवर आणि डिझेलवरच उभे आहेत.

मांडवीतील अनेक घरांत आज वृद्ध आईवडील एकटे राहतात आणि मुले मुंबई-पुण्यास नोकरीनिमित्त असतात. काही घरे तर शिमगा आणि गणपती वगळता वर्षभर कुलुपातच असतात. अशा घरांत चोरीची, आगीची किंवा आजारी माणसाने कळ दाबताच वाजणारी धोका-घंटा बसवलेली असते, आणि तिचा सारा उपयोग तिने आपण होऊन दूरध्वनीवरून ठरलेले क्रमांक फिरवण्यात असतो. ही घंटा जाणत्या कारागिराने बसवली असेल तर बाहेरून येणारी तार प्रथम तिच्या पेटीत शिरते आणि मग घरातील फोनांकडे जाते; हेतू हा की, कोणी रिसीव्हर काढून ठेवला असला तरी संकटकाळी घंटेने तो फोन तोडून तार आपल्या ताब्यात घ्यावी. नवी जोडणी देणारा मनुष्य येतो, काचतंतूच्या पेटीमागील खाचेत एक फोन खुपसतो, सूर ऐकतो आणि काम पुरे झाले म्हणून निघून जातो. घरातील जुने वायरिंग, आणि त्याच्या मुळाशी असलेली धोका-घंटा, मृत तांब्याला बांधलेलीच राहते. तिचा दिवा मात्र लुकलुकत असतो, आणि घरच्या म्हातारीला वाटते की पहारा चालू आहे. आमच्या मते साऱ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट ही आहे, कारण बिघाड उघड असता तर त्याचा इलाज तरी झाला असता.

वस्तुतः इलाज अवघड नाही. बाहेरची तांब्याची तार घराच्या जोडपेटीत प्रथम तोडावी, मग नव्या पेटीच्या फोनच्या खाचेतून दोन तारा धोका-घंटेपर्यंत न्याव्यात आणि तेथून घरातील उरलेल्या फोनांकडे. परंतु एवढ्याने भागत नाही. इंटरनेटवरील सेवेत आवाजाचे अंकांत रूपांतर होऊन त्याची लहान लहान पुडकी धाडली जातात, आणि ती कोणत्या पद्धतीने बांधली यावर घंटेचे यश अवलंबून असते. जी ७११ या पद्धतीत आवाजाचे दर सेकंदास ८,००० नमुने घेऊन ते ६४ किलोबिट वेगाने जवळजवळ जसेच्या तसे पाठवले जातात. जी ७२९ सारख्या पद्धतीत तोच आवाज ८ किलोबिटांत दाबला जातो, आणि ती मानवी बोलण्यासाठी घडवलेली असल्याने माणसाचे शब्द कळतात, पण घंटेने काढलेले अंकांचे जोडसूर विस्कटतात व पलीकडच्या यंत्राला ओळखू येत नाहीत. शिवाय जुन्या काही घंटा सुरांऐवजी तार तुटक-तुटक जोडून क्रमांक फिरवतात, आणि प्रत्येक नवी पेटी ती खूण ओळखतेच असे नाही.

दूरचित्रवाणीचे प्रकरण त्यामानाने हलके आहे, तरी ते याच काचेशी बांधले गेले आहे. छपरावरच्या ॲन्टेनाला दूरध्वनीशी काही कर्तव्य नव्हते. आता चित्र, इंटरनेट आणि फोन एकाच तंतूतून येऊ लागले. रत्नागिरीकडील घरांच्या जांभ्याच्या जाड भिंतींतून वाय-फायची लहर धड पलीकडच्या खोलीत पोहोचत नाही, आणि ओटीवरची पेटी माजघरातील संचाला चित्र देऊ शकत नाही. तेथे केबल ओढून देणे हाच उपाय आहे, व तो जोडणीच्या खर्चातच धरला जावा. मात्र चित्राच्या ओघात आवाजाची पुडकी अडकू नयेत, यासाठी फोनला वेगळा व अग्रक्रमाचा मार्ग राखून ठेवणे हे सेवा देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

सबब आमची प्रार्थना अशी की, शहरात काचतंतूची सेवा देणाऱ्या सर्व कंपन्या व त्यांचे स्थानिक केबलचालक यांची बैठक आपण आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ अन्वये आपणांस असलेल्या अधिकारात बोलवावी, आणि ज्या घरात धोका-घंटा आहे किंवा एकटे वृद्ध राहतात तेथील तांब्याची तार, नव्या जोडणीवरून ती घंटा प्रत्यक्ष वाजवून पलीकडच्या माणसाने संदेश मिळाल्याची खातरजमा करीपर्यंत, कायमची बंद करू नये असे फर्मान काढावे. त्या चाचणीची नोंद मराठीत लिहून तिची प्रत घरमालकास मिळावी. अशा घरांना किमान आठ तास चालेल अशी १२ व्होल्टांची बॅटरी नव्या पेटीसोबतच द्यावी, आणि त्यांच्या फोनसाठी जी ७११ हीच पद्धत कायम राखावी.

घरची बॅटरी एकटी पुरणार नाही, हेही येथेच मांडणे जरूर आहे. काचतंतूच्या वाटेवर खांबाखांबांवर असलेल्या वाटणी-पेट्यांना वीज लागत नाही. ती लागते त्या तंतूच्या उगमाशी, चालकाच्या यंत्राला. ते यंत्र बंद पडले तर दारोदारच्या बॅटऱ्या भरलेल्या असूनही सारा भाग मुका होईल. म्हणून त्या प्रत्येक ठिकाणच्या बॅटऱ्या व जनित्र यांची पाहणी दरसाल पावसाळ्यापूर्वी व्हावी, आणि नगर परिषदेने खांब वापरण्याची किंवा रस्ता खोदण्याची परवानगी देताना ही अट मंजुरीपत्रात घालावी, अशी तजवीज आपण करावी.

यांपैकी दूरचित्रवाणीविषयीच्या मागणीला सवड देण्यास आम्ही तयार आहोत. घंटेची चाचणी आणि बॅटरी या दोन बाबतींत मात्र सवड मागू नये, ही विनंती. येत्या मृगापूर्वी लेखी उत्तर मिळावे.

कळावे,

आपले नम्र,
मांडवी, रत्नागिरी येथील रहिवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी : मुख्याधिकारी, रत्नागिरी नगर परिषद.