घरातली ट्रेडमिल: चालण्यासाठी की टॉवेल वाळत घालण्यासाठी?

दिवाळीच्या सवलतीत घेतलेली, नव्या वर्षाच्या संकल्पापायी आणलेली किंवा 'साखर वाढलीय, रोज चाला' असे डॉक्टरांनी बजावल्यावर घाईघाईने मागवलेली ट्रेडमिल आज शहरांतल्या अनेक घरांत दिसते. पहिले पंधरा दिवस घरातले सगळे पाळीपाळीने तिच्यावर चालतात. मग पाहुणे येतात, मुलांच्या परीक्षा येतात, कुणाची तरी पाठ धरते आणि पावसाळ्यात तिच्या दांड्यांवर टॉवेल वाळू लागतात. दुसरीकडे, वर्षानुवर्षे न चुकता रोज अर्धा तास ट्रेडमिलवर चालणारी माणसेही आहेत. यंत्र तेच, मग फरक कुठे पडतो? वीस-तीस हजारांपासून लाखापर्यंतचा खर्च करण्याआधी या प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे.

हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. २०२२ मध्ये पुरुषांत ते ४२ टक्के, तर महिलांत तब्बल ५७ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचे दिसले. यावर जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला साधा आहे: प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास झपझप चालणे. त्यासाठी यंत्राची गरज नाही. गरज आहे ती चालण्याजोग्या रस्त्याची.

चालायचे कुठे?

खरी अडचण इथेच सुरू होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरातल्या रस्ते अपघातांत ३२ हजारांहून अधिक पादचारी मृत्युमुखी पडले. अपघातातल्या साधारण दर पाच मृतांमागे एक जण पायी चालणारा होता. सुरक्षित पदपथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. प्रत्यक्षात मुंबई-पुण्यात पदपथावर दुचाकी उभ्या असतात, फरशा उखडलेल्या असतात आणि जिथे पदपथ संपतो तिथून माणूस थेट वाहनांत उतरतो. त्यात पावसाळ्याचे चार महिने आणि हिवाळ्यातली धुरकट सकाळ.

महिलांच्या बाबतीत आणखी एक अडसर असतो, तो वेळेचा. पहाटे डबे, मग लोकल किंवा बस, संध्याकाळी परत स्वयंपाक. स्वतःसाठी अर्धा तास मिळतो तो रात्री साडेनऊनंतर. त्या वेळी एकटीने बाहेर चालायला जाणे अनेकींना शक्य नसते. उद्यानांची फाटकेही तोवर बंद झालेली असतात. अशा घरात ट्रेडमिल ही चैन ठरत नाही.

मात्र प्रदूषण टाळण्यासाठी ती घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. घरातली हवा बाहेरूनच येते. रस्त्यालगतच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून जोरात चालले, तर तेच सूक्ष्म कण फुफ्फुसांत जातात. वाहनांच्या धुरापासून थोडे अंतर मिळते, पूर्ण संरक्षण नाही.

पट्ट्यावरचे चालणे 'खरे' आहे का?

'पट्टाच पाय मागे ओढतो, त्यात कसला व्यायाम?' ही शंका नेहमी घेतली जाते. तिचे उत्तर मिळालेले आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात धावपटूंचा ऑक्सिजनचा वापर मोजला गेला. वेगाने धावताना बाहेर वाऱ्याचा जो विरोध होतो, तो ट्रेडमिलला एक टक्का चढ दिला की भरून निघतो, असे त्यात आढळले. कमी वेगात हा फरक नगण्य असतो. म्हणजे ताशी पाच किलोमीटरने चालणाऱ्याच्या हृदयाला रस्ता आणि पट्टा जवळपास सारखाच. हृदयविकाराच्या तपासणीसाठी डॉक्टर जी 'स्ट्रेस टेस्ट' करतात, तीही ट्रेडमिलवरच होते. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६०च्या दशकात रूढ केलेली, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवण्याची पद्धत आजही वापरात आहे.

चढ हा ट्रेडमिलचा मोठा फायदा आहे. ताशी पाच किलोमीटरचाच वेग ठेवून पाच टक्के चढ दिला, तर शरीराला दीडपटीहून अधिक ऊर्जा लागते. वेग न वाढवता दम लागतो. पण पुढची दांडी घट्ट धरून चालले की हा लाभ बराचसा निघून जातो, कारण शरीराचा भार हातांवर जातो. दांडी तोल सावरण्यापुरती आहे. योग्य वेगाची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

यंत्र आणले की व्यायाम वाढतो का?

कळीचा प्रश्न हा आहे. यावरचा एक महत्त्वाचा प्रयोग १९९९ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या, बैठे जीवन जगणाऱ्या १४८ महिलांचे तीन गट करण्यात आले. एका गटाने दिवसातून एकदा सलग व्यायाम करायचा, दुसऱ्याने तोच दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत, आणि तिसऱ्यानेही तुकड्यांतच, पण या गटाला घरी ट्रेडमिल देण्यात आली. दीड वर्षाने पाहिले, तेव्हा व्यायाम टिकवून ठेवण्यात ट्रेडमिलचा गट इतर दोघांच्या पुढे होता. तुकड्यांत व्यायाम करणाऱ्या, पण यंत्र नसलेल्या गटाचे वजन सरासरी ३.७ किलोने घटले. यंत्र असलेल्यांचे ७.४ किलोने.

यातून 'ट्रेडमिल घ्या, वजन दुपटीने घटवा' असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. या महिला वजन कमी करण्याच्या एका आखीव कार्यक्रमात होत्या. आहाराचे मार्गदर्शन होते, नियमित बैठका होत्या, कुणीतरी विचारणारे होते. शिवाय सलग व्यायाम करणाऱ्या गटानेही, यंत्राविना, ५.८ किलो घटवलेच होते. म्हणजे यंत्राने व्यायामाची इच्छा निर्माण केली नाही. ज्यांच्याकडे इच्छा आणि शिस्त होती, त्यांच्या वाटेतला अडथळा तेवढा दूर केला.

मधुमेहाच्या बाबतीत असाच एक फायदा दिसतो. साखर वाढण्याचा धोका असलेल्या ज्येष्ठांवर २०१३ साली झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात, तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे ट्रेडमिलवर चालल्याने रात्रीच्या जेवणानंतर चढणारी साखर सलग ४५ मिनिटे चालण्यापेक्षा चांगली आटोक्यात राहिली. सहभागी मोजकेच होते, पण शतपावलीच्या आपल्या जुन्या सवयीशी हे जुळते. पावसात, रात्री नऊ वाजता ही शतपावली घरातच करता येणे ही सोय लहान नाही.

मग टॉवेल का वाळतात?

पहिले कारण कंटाळा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांना पायाने चाक फिरवत ठेवण्याची शिक्षा असे. 'ट्रेडमिल' हे नाव तिथूनच आले. एकाच जागी, भिंतीकडे तोंड करून चालणे आजही अनेकांना शिक्षाच वाटते. दुसरे कारण जागा. कोपऱ्यात, पलंगामागे ढकललेले यंत्र रोज बाहेर ओढावे लागले की ते लवकरच तिथेच राहते. तिसरे कारण आवाज. खालच्या मजल्यावरच्यांची एक तक्रार आली की पहाटेचा व्यायाम बंद होतो. चौथे आणि सर्वांत मोठे कारण अपेक्षांचे. सत्तर किलोच्या व्यक्तीने अर्धा तास झपझप चालले, तर साधारण १२० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात याच्या दुपटीहून अधिक असतात. महिनाभरात वजनाचा काटा हलला नाही की माणूस यंत्रावर रुसतो.

ट्रेडमिलने सगळे साधत नाही, हेही ध्यानात घ्यावे. स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस हवेत, ते वेगळे करावे लागतात. ज्येष्ठांना तोल सांभाळण्याच्या व्यायामाची गरज असते. गुडघे दुखणाऱ्यांनी सपाट पट्ट्यावर, कमी वेगाने सुरुवात करावी. छातीत दुखणे, चक्कर किंवा हृदयविकाराचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घ्यायचीच असेल तर

मोटारीच्या जाहिरातीतली 'पीक' अश्वशक्ती पाहून भुलू नये; सतत चालताना मिळणारी अश्वशक्ती विचारावी. घरातल्या सर्वांत वजनदार व्यक्तीपेक्षा यंत्राची वजनमर्यादा बरीच अधिक असावी. पट्टा आपल्या पावलाला पुरेल इतका लांब-रुंद आहे का, हे दुकानात प्रत्यक्ष चालून पाहावे. आपल्या गावात दुरुस्तीला माणूस येतो का, हे आधीच विचारावे.

घरात लहान मुले असतील तर सुरक्षेची किल्ली काढून उंचावर ठेवावी. हा धोका काल्पनिक नाही. एका बालकाचा मृत्यू आणि सत्तरहून अधिक दुर्घटनांच्या नोंदींनंतर अमेरिकेत 'पेलोटन' कंपनीला मे २०२१ मध्ये आपल्या एका मॉडेलची सुमारे सव्वा लाख यंत्रे परत बोलवावी लागली होती.

खरेदीपूर्वीची सर्वांत चांगली परीक्षा मात्र फुकट आहे. दोन महिने जमेल तिथे चालावे: गच्चीवर, सोसायटीच्या आवारात, घरातल्या घरात. चालणे ज्या दिवशी चुकले, त्या दिवशी कारण लिहून ठेवावे. 'पाऊस', 'उशीर झाला', 'रस्त्यावर अंधार' अशी कारणे अधिक निघाली, तर ट्रेडमिलचे पैसे वसूल होण्याची शक्यता चांगली आहे. 'कंटाळा आला' हेच पुन्हा पुन्हा निघाले, तर त्यावर यंत्राचा इलाज नाही; चालायला सोबती शोधलेला बरा.

ज्या वहीत 'रस्ता चालण्याजोगा नाही' हेच कारण वारंवार येईल, त्या वहीचे एक पान महापालिकेच्या प्रभाग कार्यालयातही पोहोचायला हवे. चालता येण्यासाठी प्रत्येक घराला तीस हजार रुपये मोजावे लागणे, हे कुठल्याही शहराला परवडणारे नाही.